पट्ट्यावर गेलेली पावलं

पुण्या-मुंबईतल्या माझ्या धावणाऱ्या मित्रमैत्रिणींत एक वाद दर थंडीत नव्यानं पेटतो. एक बाजू म्हणते, ट्रेडमिलवर पळणं हे पळणंच नव्हे. पट्टाच तुम्हाला पळवतो आणि शर्यतीच्या दिवशी सगळं उघडं पडतं. दुसरी म्हणते, या धुरात आणि या ट्रॅफिकमध्ये रस्त्यावर पळणं म्हणजे तब्येत कमवायला जाऊन जीव घालवणं. मी कॅनडात, कॅलगरीला राहते आणि दोन्हींवर पळते, म्हणून निवाडा माझ्याकडे मागितला जातो. "तुमच्याकडे एवढी थंडी, तिकडे तर सगळे आतच पळत असतील ना?" असं मावसभाऊ विचारतो. सगळे आत पळत नाहीत. का पळत नाहीत, हे बघितलं की आपला वाद चुकीच्या जागी चालला आहे असं मला वाटू लागतं.

आधी यंत्राचा भाग उरकते, कारण त्यावर भांडण्यासारखं फारसं उरलेलं नाही. पट्टा एका वेगानं मागे सरकत असताना जागेवर टिकायचं तर तेवढ्याच वेगानं पुढे पळावं लागतं. पायांच्या लेखी दोन्ही सारखंच. फरक पडतो तो हवेमुळे. रस्त्यावर आपण हवा कापत जातो, पट्ट्यावर ती कापावी लागत नाही. जोन्स आणि डाउस्ट या संशोधकांनी १९९६ मध्ये धावपटूंचा ऑक्सिजनचा खप मोजून दाखवलं की पट्ट्याला एक टक्का चढ दिला की ही तफावत भरून निघते. तीही चांगल्या वेगानं पळणाऱ्यांसाठी. किलोमीटरला सात मिनिटं लागत असतील तर ती जाणवण्याइतकी नसतेच. सांध्यांची हालचाल, पावलांची लांबी, जमिनीवर पडणारा भार यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये निघाला, त्यातही दोन्हींत बरंच साम्य दिसलं. पाऊल पट्ट्यावर जरा सपाट पडतं, इतकंच काय ते. यंत्र देत नाही ते वेगळंच: वळणं, उतार, खडबडीत जमीन, पाय कुठं टाकायचा याचा क्षणोक्षणी घ्यावा लागणारा निर्णय. टेकडीवरून उतरताना मांड्यांना जे शिक्षण मिळतं ते पट्ट्यावर मिळणं अवघड. आणि समोरून वारा नसल्यानं घाम लवकर वाळत नाही, अंग तापतं, त्याच वेगाला नाडी जास्त चढते. त्यामुळे जिममध्ये समोर पंखा हवाच.

हृदयविकाराच्या भीतीबद्दलही बोलायला हवं. ऑगस्ट २०२२ मध्ये विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव ट्रेडमिलवर पळताना कोसळले आणि पुढच्या महिन्यात गेले. तेव्हापासून आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी यंत्राचीच धास्ती घेतली आहे. पण हृदयाची परीक्षा डॉक्टर घेतात ती याच यंत्रावर. सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी साठ वर्षांपूर्वी बसवलेली पद्धत, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत नेण्याची, आजही स्ट्रेस टेस्टला वापरतात. ज्याला आधीच दुखणं आहे आणि ठाऊक नाही, त्याला पट्ट्यावर जेवढा धोका तेवढाच पर्वतीच्या पायऱ्यांवर. चाळिशी ओलांडून पळायला सुरुवात करणाऱ्यानं आधी तपासून घ्यावं, मग कुठंही पळावं.

आता इथलं सांगते. कॅलगरीत जानेवारीत पारा उणे ३० पर्यंत उतरतो. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघड्या कातडीला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, असं कॅनडाचं हवामान खातंच सांगतं. मग रॉकी पर्वतावरून शिनूक नावाचा उबदार वारा येतो, काही तासांत तापमान शून्याच्या वर जातं, बर्फ वितळतं आणि रात्री पुन्हा गोठून रस्त्यावर काचेसारखा थर धरतं. दिसत नाही आणि पाय मात्र सटकतो. अशा दिवशी मी मुकाट्यानं आत जाते. उन्हाळ्यात वणव्यांचा धूर येतो. २०२३ हे कॅनडाच्या इतिहासातलं वणव्यांचं सर्वांत वाईट वर्ष होतं. त्या मे महिन्यात कॅलगरीचं आकाश तांबूस-तपकिरी झालं आणि एक ते दहाच्या पट्टीवर मोजला जाणारा इथला हवेच्या धोक्याचा निर्देशांक दहाच्याही पुढे गेला. तेव्हाही मी आतच पळत होते. तेव्हा ट्रेडमिलला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. वर्षातले काही आठवडे ती नसती तर माझं पळणं थांबलं असतं.

पण बाकीचे आठवडे? बो नदीच्या काठानं जाणारी वाट उणे १५ मध्येही माणसांनी वाहती असते. बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या, तोंडावर लोकरी गळपट्टा, पापण्यांवर जमलेलं दव, आणि पळतात. हे त्यांच्या अंगच्या धैर्यानं घडतं असं मी बरीच वर्षं समजत होते का, असं कुणी विचारलं तर नाही. पहिल्याच हिवाळ्यात कारण डोळ्यांसमोर होतं. बर्फ थांबल्यावर चोवीस तासांच्या आत या मुख्य वाटा साफ करायच्या असं महापालिकेचं वेळापत्रक आहे आणि पहाटे अंधारात छोटे ट्रॅक्टर त्या झाडत असतात. या शहरात हजार किलोमीटरच्या आसपास अशा वाटा आहेत, त्यांवर मोटारीला प्रवेश नाही. मे २०२१ पासून वस्त्यांतल्या रस्त्यांवर सरसकट वेगमर्यादा ५० वरून ४० वर आणली गेली. आणि आत जायचं झालं तरी महापालिकेच्या केंद्रात तिकीट काढून कुणालाही ट्रेडमिल मिळते, गरिबाला सवलतीत मिळते. म्हणजे इथं आत की बाहेर हा त्या दिवशीच्या हवेचा प्रश्न असतो. खिडकीतून बघायचं आणि ठरवायचं.

कॅलगरी म्हणजे स्वर्ग, असं मात्र कुणी समजू नये. हे शहर मोटारींसाठीच पसरलेलं आहे. उपनगरात राहणाऱ्याला दूध आणायलाही गाडी काढावी लागते. पुण्यात पहाटे तळजाईवर किंवा हनुमान टेकडीवर जी माणसांची वर्दळ असते, अनोळखी आजोबा "आज उशीर झाला का?" म्हणून विचारतात, ते इथं नाही. हवामान म्हणाल तर पुण्यासारखं हवामान पळणाऱ्यानं मागून घ्यावं. साडेपाचशे मीटर उंची, थंडीत पहाटे दहा-बारा अंश, पावसाळ्यातही भुरभुर पावसात मजेत लांबचा पल्ला मारता येतो. निसर्गानं जे आपल्याला दिलं आहे त्याच्या पावपटही कॅलगरीला दिलेलं नाही. तरी माणसं तिकडे आत चालली आहेत आणि इकडे बाहेर येतात, हे मला फार लागतं.

आत जाण्याची कारणं खरी आहेत, म्हणूनच जास्त लागतं. मार्च २०२३ मध्ये वरळी सी फेसवर पहाटे पळणाऱ्या एका मॅरेथॉनपटू बाईंना भरधाव गाडीनं उडवलं, त्यात त्या गेल्या. देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत जवळपास ३३ हजार पायी चालणारी होती. फौजा सिंग आठवा. लंडनला स्थायिक झालेल्या या पंजाबी गृहस्थांनी उतारवयात पळायला सुरुवात केली, २००० मध्ये लंडनची आणि २०११ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर, टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. जुलै २०२५ मध्ये जालंधरजवळच्या आपल्या गावी, महामार्गावर, गाडीनं धडक दिली आणि ते गेले. परदेशातल्या रस्त्यांनी ज्यांना शंभरीत पळू दिलं, त्यांना घरच्या रस्त्यानं साधं चालूही दिलं नाही. ती बातमी वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते.

हवेचंही तसंच. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आपल्या देशाच्या मानकात ती ६० आहे. हिवाळ्यात मुंबईची हवा कित्येक दिवस याही आकड्याच्या वर असते. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, जोरात पळणारा साठ-सत्तर लिटर सहज घेतो, तेही तोंडानं. अशा दिवशी हायवेलगत पळू नका, हे सांगणाऱ्या डॉक्टरांचं बरोबर आहे. एक मात्र ध्यानात घ्यावं: हे कण दारं-खिडक्यांच्या फटींतून आत येतात, साधा एसी ते गाळत नाही. चकचकीत जिममध्ये गेलं म्हणजे स्वच्छ हवेत गेलं, असं होत नाही.

आणि बायकांचं काय, हे पुरुषांच्या या वादात कुणी विचारत नाही. माझी वहिनी पहाटे सोसायटीच्या जिममध्ये पळते. तिला बाहेर पळायचं आहे. पण साडेपाचला अंधार, बंद पडलेले दिवे, कुत्र्यांची टोळी, आणि बाइकवरून मुद्दाम वेग कमी करून बघत जाणारे. पट्ट्यावर तिला कुणी अडवत नाही, कपड्यांवर बोलत नाही. "ट्रेडमिल म्हणजे खोटं पळणं" हे तिच्यासमोर म्हणायची माझी छाती नाही. मी इथं पहाटे नदीकाठी एकटी पळते, ते तिच्यापेक्षा शूर आहे म्हणून नव्हे.

मग मला खटकतं काय? खटकतं ते हे, की ज्यांना परवडतं ते आत गेले आणि तिथंच वाद संपला असं धरून चाललो आहोत. ज्यांना परवडत नाही ते आहेत तिथंच आहेत. मराठवाड्यात, विदर्भात, कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे गाडीनं जा: पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी डांबरी रस्त्याच्या कडेनं पळताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर ठरावीक वेळात काढायचे असतात. एका सेकंदावर घरादाराचं भवितव्य टांगलेलं असतं. मैदान नाही म्हणून ती महामार्गावर येतात, कारण तेवढीच एक सपाट जागा असते. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात अशाच मुलांना पहाटे बसनं चिरडलं, तिघं गेली. याच बीडनं स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत राष्ट्रकुलचं रौप्य आणि आशियाई सुवर्ण आणणारा अविनाश साबळे दिला, जो लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायी जायचा. साताऱ्यातल्या माणच्या मोही गावातून ललिता बाबर त्याच शर्यतीत रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. आपलं धावणं अशाच वाटांवर वाढलं आहे. त्या मुलांना "ट्रेडमिल बरी की रस्ता?" हा प्रश्न विचारून बघा.

शहरातही तेच. पुण्यात वेताळ टेकडीतून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचं ठरलं तेव्हा उभे राहिले कोण? रोज टेकडीवर चालणारे आणि पळणारे. २०२३ मध्ये ते हजारोंनी रस्त्यावर आले, कारण तिथली झाडं, पायवाटा, दगडखाणीतलं पाणी त्यांच्या पायाखालचं होतं. ज्यानं पाच वर्षं टेकडी पाहिलेलीच नाही, त्याला ती नकाशावरची मोकळी जागा वाटणार. एकेक धावणारा पट्ट्यावर जातो तेव्हा पहाटेच्या रस्त्यावरचा एक साक्षीदार कमी होतो: कुठला दिवा बंद आहे, कुठला फुटपाथ टपरीनं गिळला, कुठं डंपर उलट्या दिशेनं येतात, हे जाणणारा. नगरसेवकाला फोन करायची ऐपत असलेलाही बहुतेक वेळा तोच असतो.

मागायचं काय, तर परदेशाची नक्कल नको. मुंबई पोलिसांनी २०२२ मध्ये रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसारखे रस्ते गाड्यांना बंद करून दाखवले होते. पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांना मोकळा करतात. म्हणजे जमतं. शहरातल्या प्रत्येक प्रभागात एखादा रस्ता रोज पहाटे पाच ते सात का बंद होऊ नये? शाळा-कॉलेजांची मैदानं पहाटे कुलपात का असतात? राज्याच्या योजनेत तालुका क्रीडा संकुलं आहेत. जिथं ती उभी आहेत तिथं पहाटे साडेचारला फाटक उघडून दिवे लावायला कितीसा खर्च येतो? भरतीच्या पोरांसाठी एवढं तरी आधी व्हायला हवं, आणि त्यासाठीचा अर्ज सोसायटीच्या जिममधल्या माणसांनीही करावा. मावसभावाला मी तेच लिहिलं आहे. त्याच्या ग्रुपमध्ये दोन वकील आणि एक निवृत्त अभियंता आहेत, तिघंही ट्रेडमिलवर पळतात. सुरुवात त्यांच्यापासून होऊ शकते.