समारोप रद्द करा, मग बोलू

“पैसा दिसन नाचानं? आते हाई बी दखानं ऱ्हायनं व्हतं!”

जिभाऊ रागावले की अहिराणीवर येतात. बाकी वेळ ते आमच्याशी जळगावच्या मराठीत बोलतात. मूळचे पारोळ्याकडचे, कापूसवाले. रिंग रोडच्या कोपऱ्यावर आमची टपरी आहे, तिच्या फळीवर त्यांनी पेपरात घालून आलेलं पिवळं पत्रक आपटलं. हालचाल, सर्जनशील खेळ आणि कला यांची कार्यशाळा. वय वर्षे 5 ते 85. दहा दिवस, सकाळी साडेसहा ते आठ. फी 800 रुपये. शेवटच्या दिवशी मान्यवरांच्या उपस्थितीत समारोप व प्रमाणपत्र वाटप.

आप्पांनी चष्मा वर करून पुन्हा वाचलं. “पंच्याऐंशी म्हणजे मी बी बसतो की यात.”

“बसता कुठं, नाचावं लागंल,” जिभाऊ म्हणाले. “आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाला झोका बांधला की लहान पोरीपासून म्हातारीपर्यंत सगळ्या झोक्यावर. माहेरवाशिणी यायच्या, गाणी म्हणायच्या. कोणी फी घेतली का? भुलाबाईला महिनाभर पोरी घरोघरी टिपऱ्या घेऊन नाचायच्या. प्रमाणपत्र कोणी दिलं?”

“आणि आखाजीला गडी काय करायचे?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“गडी पत्ते खेळायचे.”

“पैसे लावून.”

“मग? तो बी खेळच ना भो!”

जिभाऊंचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, आणि कट्ट्यावर बहुतेकांना ते पटलंही होतं. सातपुड्यात काठी गावची राजवाडी होळी पाहिलेल्या माणसाला ‘सर्व वयोगटांसाठी हालचाल’ हे शब्द पोरकटच वाटणार. अक्कलकुवा तालुक्यात रात्रभर ढोल चालतो, बुध्या आणि बावा झालेले आदिवासी मोरपिसांचे टोप घालून, कमरेला घुंगरं बांधून पहाटेपर्यंत नाचतात. त्यासाठी त्यांनी आधी काही दिवस नेम पाळलेला असतो. तिथे कुणी कुणाला ‘आता मोकळे व्हा, लाजू नका’ असं सांगत नाही.

पण मला जिभाऊंचं एक खटकलं, आणि मी ते बोललो. भुलाबाई पोरींची. लग्न होऊन सासरी गेली की टिपऱ्या सुटल्या. झोका माहेरवाशिणीचा, जिला माहेरच उरलं नाही तिचा नाही. विधवेला या सगळ्यात कुठे उभं करायचे ते आपण सगळे जाणतो. वह्या, म्हणजे आपल्याकडची लोकगीतं, गायला बसायचे ते पुरुष. प्रत्येक खेळाला वय होतं, जात होती, बाई-पुरुष होतं. ‘सगळे खेळायचे’ म्हणतो तेव्हा आपण वेगवेगळ्या दिवसांची बेरीज करून सांगतो. आजोबा आणि नात एकाच गोलात, एकाच खेळात, असं आपल्याकडे फार थोड्या वेळा झालं.

“मग ते आठशे रुपयांत होतं?” जिभाऊ.

तेवढ्यात ताई आल्या. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत, संध्याकाळचे पेशंट संपले की घरी जाताना अर्धा कप घेतात. गेल्या वर्षी त्यांच्या कॉलनीत अशीच कार्यशाळा झाली होती, फी न घेता, आणि त्या स्वतः गोलात उभ्या होत्या. त्यांना पत्रक दाखवलं तर त्यांनी फीकडे पाहिलंच नाही, वेळ पाहिली. “साडेसहा उशीर आहे. मे महिन्यात सातला ऊन अंगावर येतं. सहाला सुरू करायला हवं.”

जिभाऊंनी त्यांनाही घेरलं. “ताई, माझ्या शेतात बाया दिवसभर वाकून कापूस वेचतात. त्यांना हालचाल शिकवाल तुम्ही?”

“त्यांना नाही, तुम्हाला शिकवीन. तुम्ही बांधावर उभे असता.”

टपरीवाल्यासकट सगळे हसले. मग ताईंनी नीट सांगितलं. कामातली हालचाल एकाच बाजूची असते. वेचणारीची कंबर पुढे वाकते, मागे कधी जातच नाही. शिपाई, दुकानदार, मास्तर, सगळ्यांचं तेच, फक्त जागा वेगळ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलं की मोठ्या माणसांनी आठवड्याला मध्यम जोराची 150 ते 300 मिनिटं हालचाल करावी, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यात किमान तीन दिवस. “लोक मिनिटं मोजतात, पण तोल विसरतात. माझ्याकडे खुब्याचं हाड मोडून येतात ना म्हातारे, ते शेतात नाही पडत. न्हाणीत पडतात. उंबऱ्यात पडतात.”

“तोल माझा चांगला आहे,” आप्पा म्हणाले.

“एका पायावर उभे राहा. दहा सेकंद. फळी धरायची नाही, पण हात जवळ ठेवा.”

आप्पा एसटीत कंडक्टर होते. धुळे, चोपडा, शिरपूर, खचाखच गाडीत मधल्या वाटेने तिकिटं फाडत आयुष्य गेलं. चालत्या गाडीत ते कुठल्या दांडीला न धरता उभे राहायचे, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ते उभे राहिले. चारपर्यंत मोजलं आणि पाय खाली आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कोणी हसलं नाही, उलट वकीलसाहेबांनी आपला पाय हळूच उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

“म्हणजे हा व्यायाम झाला,” मास्तर पहिल्यांदा बोलले. “मग व्यायाम म्हणा ना. कला कशाला म्हणता?”

मास्तर चित्रकलेचे. त्यांच्या हाताखालून किती पोरं एलिमेंट्री-इंटरमिजिएट पास झाली याचा हिशोब नाही. त्यांचा राग जिभाऊंपेक्षा खोल होता. त्यांच्या मते दहा दिवसांत कला येत नाही, येतो तो कलेचा फोटो. हात बसायला वर्षं लागतात. ठोकळा, पाण्याचा मग, वांगं, मागे पडलेला कपडा, हे शंभर वेळा काढलं की एकदा उजेड कुठून येतो ते दिसतं. “तुमच्या त्या कार्यशाळेत फ्लेक्सच्या मागच्या बाजूला चित्रं काढली होती, बरोबर? पोस्टर कलरने? दुसऱ्या दिवशी पापुद्रे निघाले असतील.”

“निघाले,” ताई म्हणाल्या.

“निघणारच. फ्लेक्सवर पाण्याचा रंग धरत नाही. हे सांगायला तिथे एक माणूस नव्हता.”

खरं आहे ते. वाढदिवसाच्या बॅनरवर पुढून हात जोडलेले नेते आणि मागून पोरांचे हत्ती. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. मास्तरांना मात्र उडालेला रंग दिसला, आणि त्यांना तोच दिसायला हवा. असा माणूस जवळ नसेल तर कार्यशाळा नुसती वेळ घालवणं होते.

पण मास्तरांचं पुढचं मला मान्य नाही. मोठ्या माणसाने खेळ करायचा तर आधी कलावंत असल्याचा दाखला आणावा, असं काहीसं त्यांच्या बोलण्यात होतं. मी चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव काढलं. मूस टेबलावर लुटुपुटुचं जग मांडायचे आणि त्याचे फोटो घ्यायचे. टेबलटॉप फोटोग्राफी. खेळच होता तो. त्यांना आपण कलामहर्षी म्हणतो आणि त्यांची चित्रं बघायला पोरांना सहलीला नेतो. मग त्याच पोराच्या बापाने टेबलावर काड्या मांडल्या तर त्याला रिकामटेकडा का म्हणायचं?

“मूस मूस होते,” मास्तर म्हणाले. यावर उत्तर नव्हतं.

वकीलसाहेबांनी मध्येच कायदा आणला. मुलांच्या हक्कांचा 1989 चा आंतरराष्ट्रीय करार, कलम 31: खेळाचा, विश्रांतीचा, कलेत भाग घेण्याचा हक्क. भारताने 1992 साली मान्य केलेला. “पण तो अठराच्या आतल्यांसाठी. आप्पा, तुमच्यासाठी कलम नाही.”

“मला नकोच कलम. मला उभं राहायला जागा द्या.”

मग ताईंनी ब्राँक्सचा अभ्यास सांगितला, आणि वकीलसाहेबांनी तो लगेच उलटतपासणीला घेतला. न्यूयॉर्कच्या त्या भागात पंच्याहत्तरीपुढच्या 469 माणसांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं, 2003 साली निष्कर्ष छापून आले. वाचणारे, वाद्य वाजवणारे, बैठे खेळ खेळणारे, यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला. अंगमेहनतीच्या गोष्टींत मात्र फक्त नाचणाऱ्यांत तसं दिसलं. वकीलसाहेब म्हणाले, ज्याचं डोकं आधीच शाबूत तोच नाचायला जाणार, यात नाचाने काय केलं? ताईंनी कबूल केलं की ही शंका त्या अभ्यासावर आहेच. एवढ्यावर सोडलं. जिभाऊंनी त्यातलं आपल्या कामाचं उचललं: बैठे खेळ चांगले, म्हणजे आखाजीचे पत्ते बी औषधच.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. ताईंच्या त्या कार्यशाळेत एक दिवस प्रत्येकाला सांगितलं होतं की आपल्या आयुष्यातलं एक काम नुसत्या हातांनी दाखवायचं, बोलायचं नाही, आणि बाकीच्यांनी ते तसंच करायचं. कुणी भाकरी थापली, एका पोराने मोबाइल सरकवला, बँकेतल्या काकांनी शिक्के मारले. तिथे कॉलनीत मुलाकडे राहायला आलेली एक म्हातारी होती, रोज यायची आणि भिंतीला टेकून बसायची. तिला उठवलं. तिने आधी पदराची ओटी करून कमरेला खोचली. मग वाकली आणि दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर गेले, बोटांची चिमूट आत, मनगटाला छोटा झटका, कापूस मुठीत, मूठ भरली की ओटीत. बोंडाची वाळकी टोकं बोटाला टोचतात, म्हणून बोटं कशी वरून, टोकं चुकवून आत जातात तेही दिसत होतं. गोलातली पोरं एका हाताने करू लागली. म्हातारी थांबली, बोलायचं नाही हा नियम मोडला आणि ओरडली, “एका हाताने वेचशील तं रोज काय मिळंल तुला? दोन्ही हात!” मग वीसएक माणसं, पोरं, डॉक्टरीणबाई, बँकेचे काका, दोन्ही हातांनी नसलेला कापूस वेचत गोल फिरली. वाकलेली पोरं दोन मिनिटांत कंबर धरून उभी राहिली. म्हातारी अजून वाकलेलीच.

ताईंनी हे सांगितलं तेव्हा जिभाऊ चहा प्यायचे थांबले होते. त्यांनी एवढंच विचारलं, “कुठली होती ती?”

“माहीत नाही. अमळनेरकडची असावी बोलण्यावरून.”

“आणि शेवटच्या दिवशी काय झालं?” मी विचारलं, कारण मला माहीत होतं.

शेवटच्या दिवशी समारोप झाला. स्टेज, माइक, पाहुण्यांना यायला तासभर उशीर. कापूस वेचणीचं ‘सादरीकरण’ करायचं ठरलं. त्यासाठी पोरींना नऊवारी नेसवली, मागे गाणं लावलं, आणि म्हातारीला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. पोरींनी गाण्याच्या ठेक्यावर, दिसायला छान, एका हाताने कापूस वेचला.

मास्तरांनी मान हलवली. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “याला मी चाळीस वर्षं शिव्या घालतोय. स्नेहसंमेलन आलं की चित्रकलेचा तास बंद, पडदे रंगवा.”

माझं म्हणणं इथेच आहे. फीवर भांडण होऊ शकतं, आणि व्हावं. मास्तरांसारखा माणूस हवाच. पण या कार्यशाळा मरतात त्या समारोपात. पाहुणा येणार म्हटलं की तिसऱ्या दिवसापासून तालीम सुरू होते. ज्याला जमतं तो पुढे, ज्याला जमत नाही तो खुर्चीत, आणि आप्पांसारखा चार सेकंदांवर पाय टेकणारा घरी. सर्व वयोगट पत्रकावर उरतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला 1945 साली काम सुरू केलं तेव्हा पोरं शाळेत येईनात, म्हणून बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणात नेली, स्टेजवर नाही. मान्यवरांना बोलवायचंच असेल तर पहिल्या दिवशी बोलवा आणि चप्पल काढून गोलात उभं करा.

“जागा कुठली?” वकीलसाहेब मुद्द्यावर आले. मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा खुली सोडावी लागते हे त्यांनी आम्हाला यापूर्वीही ऐकवलं आहे. आमच्या कॉलनीची ती जागा आहे, तिला जाळी आहे, जाळीला कुलूप आहे, आणि किल्ली कुणाकडे आहे यावर दोन गट आहेत. अर्ज ते करणार. फी ठेवायची नाही, रंगाचा खर्च वर्गणीतून. मास्तर आठवड्यातून दोनच दिवस येणार, आणि फ्लेक्सवर काढायचंच असेल तर ऑइल पेंट आणणार.

वेळेवर मात्र अडलं. ताईंना सहा हवे. टपरीवाल्याची बायको, इतका वेळ आतून सगळं ऐकत होती, ती म्हणाली की नळाच्या दिवशी एकही बाई सहाला यायची नाही, तुम्ही पुरुषच नाचा मग. वकीलसाहेबांनी नळाचा दिवस वगळून वेळापत्रक लिहायला घेतलं. नळाचा दिवस दर आठवड्याला बदलतो हे लक्षात आल्यावर कागद उलटा केला आणि पुन्हा लिहायला लागले.

“लिहा तुम्ही,” जिभाऊ म्हणाले. “पण वेचणी मी दाखवणार नाही. मला येत नाही. आईला आणतो.”