फोडणी सांगेल तीच फरशी

टाइल्सच्या दुकानात पोहोचेपर्यंत घरात एकमत असतं: साधीशी, फिक्या रंगाची फरशी घ्यायची. दुकानात गेल्यावर कळतं की फिक्या रंगाच्याच शेकडो आहेत. आयव्हरी, बेज, बोन, क्रीमा. चारही शेजारीशेजारी धरल्या तर फरक फक्त विक्रेत्याला कळतो, आणि तोही खोक्यावरचं नाव वाचून. नावं परदेशी, माल बहुतेक गुजरातमधल्या मोरबीचा. मोरबीचा माल चांगला असतो, माझी तक्रार नाही. पण ‘कॅरारा’ असं इटलीतल्या संगमरवराच्या गावाचं नाव ऐकून चौरस फुटामागे जास्तीचे पैसे मोजू नयेत.

दुकानातली फरशी दिव्याखाली, उभी आणि कोरडी असते. आपल्या घरी ती आडवी, ओली आणि तेलकट होणार. म्हणून नमुना घरी आणावा, त्यावर पाणी शिंपडावं, चमचाभर तेल ओतावं आणि ओला अंगठा घासून बघावा. जर्मनीत यासाठी रीतसर चाचणी आहे: तेल लावलेल्या उतारावर माणसाला बूट घालून चालवतात आणि तो घसरायला लागेपर्यंत उतार वाढवत नेतात. त्यावरून आर-९ ते आर-१३ असे अंक मिळतात; अंक मोठा, तितकी पकड जास्त. आपल्याकडे ही चाचणी पुऱ्या तळताना आपोआप होते. स्वयंपाकघराला आर-१० पुरे. चकाकणारी ग्लॉसी नको, आणि ‘रस्टिक’ खडबडीतही नको. तिच्या खळग्यांत सांडलेली कणीक अशी बसते की पोछा वरूनच नमस्कार करून पुढे जातो. रंगाचं म्हणाल तर काळ्यावर पीठ दिसतं, पांढऱ्यावर हळद, आणि दोन्हींवर बोअरच्या पाण्याचे डाग. बारीक ठिपक्यांची मधली राखाडी घ्यावी. पाहुणे ‘वा!’ म्हणणार नाहीत, पण ‘फरशी पुसलेली नाही’ असंही कुणी म्हणणार नाही.

आता हिशेब. ८ बाय १० चं स्वयंपाकघर म्हणजे ८० चौरस फूट. ‘दोन बाय दोन’ची टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना जराशी कमी. चार टाइल्सच्या खोक्यात साडेपंधरा चौरस फूट बसतात. तुटफुटीचे १० टक्के धरले की ८८, म्हणजे सहा खोकी. पाच घेऊन ‘लागलं तर आणू’ म्हणणाऱ्याला नंतर तीच टाइल मिळते, पण दुसऱ्या बॅचची, आणि फ्रिजसमोर एक पट्टा कायमचा निराळ्या छटेचा होऊन बसतो. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर टेम्पोतून माल उतरवतानाच जुळवून घ्यावा.

मिस्त्री हा स्वतंत्र विषय आहे. तो सवयीने सगळ्या टाइल्स पिंपात बुडवतो. भिंतीच्या सिरॅमिकला ते ठीक, कारण कोरडी बसवली तर ती सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते आणि पकड जाते. जमिनीची व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल, मात्र अर्धा टक्काही पाणी पीत नाही. तिला आंघोळ घालून उपयोग नाही, आणि नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर ती नीट चिकटतही नाही. तिला टाइल अॅडहेसिव्ह लागतं, दातेरी थापीने सबंध पसरलेलं. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबली की काम झटपट होतं आणि गोळ्यांच्या मधे पोकळी राहते. त्या पोकळीवर बत्ता पडला की टाइल गेली. दुसऱ्या दिवशी रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइल ठोकून बघावी. पोकळ आवाज आला की मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, ती तशीच वाजते.’ तशी वाजत नाही. उचलायला लावावी.

सांध्यात २ मिलिमीटरचे स्पेसर हवेतच. ओट्यामागच्या भिंतीला ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचं मिश्रण, एपॉक्सीचं घ्यावं. सिमेंटचं पांढरं ग्राउट फोडणीजवळ लवकरच हळदीकुंकवाला बसल्यासारखं पिवळं होतं. एपॉक्सी महाग, शिवाय कामाला घाईचं: थोडं थोडं कालवायचं आणि टाइलवर आलेला थर लगेच ओल्या स्पंजने पुसायचा. ‘जेवून येऊन पुसतो’ म्हटलं की तो थर घरचाच झाला.

ओट्याला ग्रॅनाइट, यावर माझ्यापुरती चर्चा संपली आहे. संगमरवरावर लिंबू, चिंच किंवा कोकम सांडलं की पॉलिश खाल्लं जातं. दगडच चुनखडीचा, तो आंबटाला काय पुरणार! क्वार्ट्‌झ देखणं, पण त्यात रेझिन असतं, गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवलीत तर डाग राहतो. काळा ग्रॅनाइट घेताना मात्र नेलपॉलिश रिमूव्हर लावलेला पांढरा बोळा त्यावर घासावा. बोळा काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. दुकानदाराचा चेहराही त्या वेळी बघण्यासारखा असतो. आणि पुढच्या कडेखाली खाच पाडून घ्यायला विसरू नये. नाहीतर ओट्यावरचं पाणी कडेखालून वळून थेट शटरवर उतरतं आणि लॅमिनेट कडेपासून सुटायला लागतं. सिंकखालच्या कपाटाला तरी वॉटरप्रूफ प्लायच हवा, आयएस ७१० छापलेला.

जुन्या फरशीवरच नवी चिकटवणार असाल तर जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते. दार तासावं लागतं, हे मिस्त्री सांगतो. ओटा तेवढाच बुटका होतो, हे कुणी सांगत नाही. रोज जो पोळ्या लाटतो त्याच्या कोपरापासून साधारण चार-पाच इंच खाली ओटा असावा. बहुतेक घरांत हे माप काढायला टेपसमोर उभे राहतात ते घरातले सर्वांत उंच गृहस्थ, ज्यांचा ओट्याशी संबंध चहाचा कप ठेवण्यापुरता.