‘नवा भाडे कायदा’ डोंबिवलीत पोचलेला नाही

व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘नवीन भाडे कायदा लागू! भाडेकरूंना मोठा दिलासा!!’ अशी सुरुवात, खाली हिरव्या टिकांची रांग आणि शेवटी ‘प्रत्येक गरजूपर्यंत पोचवा’. मजकूर थोडक्यात असा: घरमालकाला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही. भाडं वर्षातून एकदाच, तेही तीन महिने आधी नोटीस देऊन वाढवता येईल. करार नोंदवला नाही तर 5,000 रुपये दंड. मालकाला घरात यायचं असेल तर 24 तास आधी कळवावं लागेल. वाद 60 दिवसांत निकाली. आणि शेपूट असं: करार संपला तरी दुसरं घर मिळेपर्यंत मालक तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, भाडेकरू आता कुठेही सुरक्षित.

माझ्या भाचीने यातला शब्द न् शब्द खरा मानला. ती फोर्टात नोकरीला, जावई ठाण्यात, पोरगी यंदा पहिलीत जाणार, आणि राहायला परळला सासरच्या एका खोलीत सहा माणसं. डोंबिवली पूर्वेला वन बीएचके पाहिलं. भाडं 14,000, डिपॉझिट 60,000. सगळं जुळत आलं होतं, आणि हिने मालकाला फोनवर ऐकवलं, ‘काका, कायद्याने 28 हजारच घेता येतात.’ काका भांडले नाहीत. ‘बरं, कळवतो’ म्हणाले आणि संध्याकाळी दुसऱ्या कुटुंबाचं टोकन घेऊन मोकळे झाले. आता दोघं बदलापूरला घरं बघतायत. म्हणजे सीएसएमटीला जाताना अर्धा तास जास्त आणि गाड्या कमी. वर मलाच विचारते, ‘मामा, तक्रार कुठे करायची?’ कुठेच नाही गं बाई. त्या माणसाने कुठला कायदाच मोडलेला नाही.

हा मेसेज ज्याच्या जिवावर उड्या मारतोय तो आहे केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो 2 जून 2021 ला मंजूर केला. म्हणजे ‘नवीन’ तर नाहीच. आणि तो नमुना आहे. घरमालक-भाडेकरू हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिलाय, त्यामुळे केंद्राने मसुदा करून राज्यांना धाडला आणि वाटलं तर स्वीकारा म्हणून सांगितलं. उत्तर प्रदेश, आसाम अशा काही राज्यांनी त्या धर्तीवर आपले कायदे केले. महाराष्ट्रात चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर (आजचा नेहमीचा भाडेकरार हाच), घर घेताना किती डिपॉझिट घ्यावं यावर त्यात काहीही मर्यादा नाही. दोन महिन्यांचं असो, सहा महिन्यांचं असो, नाहीतर भाड्याऐवजी लाखांत घेतलेलं हेवी डिपॉझिट असो. दोघांनी मान्य केलं की झालं. हे बरं आहे असं मी म्हणत नाही. साठ हजार एकरकमी उभे करताना पगारदार माणसाचा जीव जातो. पण घासाघीस करायची तर ती घासाघीस म्हणून करावी, कायदा म्हणून दरडावू नये.

आता ते शेपूट. बाकीचं बरंचसं चुकीचं असूनही एखादं घर हातचं जाण्यापलीकडे नुकसान नाही. या शेवटच्या वाक्याने मात्र माणूस कर्जात जाईल. करार संपला तरी राहू शकता? 1999 च्या कायद्याचं कलम 24 काढून वाचा. लायसन्सची मुदत संपली की घराचा ताबा परत द्यायचा. नाही दिला तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे वाद ऐकायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो, आणि प्रत्यक्ष ताबा जाईपर्यंत भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई बसते. करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा. ‘मालक तोंडी म्हणाले होते राहा म्हणून’ वगैरे तिथे कोणी ऐकत नाही. समन्स मिळाल्यावर 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र करून बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असंच धरतात.

भाचीच्याच आकड्यांत सांगतो. 14,000 चे झाले महिन्याला 28,000. दोन महिने बसून राहिलात की 56,000. साठ हजारांच्या डिपॉझिटमधून परत किती येणार? चार हजार. तेही रंगकामाचे आणि लाइट बिलाचे कापायच्या आधी. तिसऱ्या महिन्यापासून खिशातून.

आणि खरी गंमत पुढे आहे. ज्या केंद्राच्या मसुद्याचं नाव घेऊन हा मेसेज फिरतोय, त्यात काय म्हटलंय? मुदत संपून राहिलात तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं आणि त्यानंतर चौपट. म्हणजे उद्या महाराष्ट्राने तो कायदा जसाच्या तसा आणला, तरी मेसेजवर विसंबून बसलेल्या माणसाला तिसऱ्या महिन्यापासून 56,000 लागतील. ज्याने हे लिहिलं त्याने मसुदा उघडलेलाही नाही. डिपॉझिटचं कलम कुठूनतरी उचललं आणि पुढचं मनाने जोडलं.

एवढं खरं की मालकाने मनाला येईल तेव्हा कुलूप बदलायचं आणि सामान जिन्यात टाकायचं, असं चालत नाही. त्यालाही प्राधिकाऱ्याकडूनच जावं लागतं.

5,000 रुपयांच्या दंडाचं मात्र मान्य करायला हवं, नाइलाजाने. हा आकडा आपल्या कायद्यात खरोखर आहे, आणि पंचवीस वर्षांपासून आहे. कलम 55. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. त्याने टाळलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. मेसेजमध्ये हा दंड कोणाला ते लिहिलेलंच नाही, त्यामुळे भाची वाचून घाबरली की आपल्यालाच. याच कलमात भाडेकरूच्या खऱ्या कामाचं वाक्य आहे, ते कुठल्याही ग्रुपवर कधी आलं नाही: नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच ग्राह्य, मालकाने उलट सिद्ध केलं तरच नाही.

म्हणून ‘अकरा महिन्यांचंच तर आहे, 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू’ म्हणणारे एजंट भेटले की सरळ नाही म्हणावं. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही ही सवलत बाहेरच्या राज्यांत असेल. आपल्याकडे महिने कितीही असोत, नोंदणी सक्तीची. खर्च तरी काय? अकरा महिन्यांचं भाडं 1,54,000. त्यात 60,000 डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज, 5,500, मिळवायचं. एकूण रकमेच्या 0.25 टक्के स्टॅम्प ड्युटी. चारशे रुपयेही होत नाहीत. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो त्याचे पैसे. ऑनलाइन होतं सगळं. डिपॉझिटची रक्कम त्या करारात छापून आली की उद्या परत मागताना तोंडाची वाफ दवडावी लागत नाही.

भाडेवाढीचं: करारात जे लिहाल ते. दुसऱ्या वर्षी किती टक्के, लॉक-इन (घर सोडता येत नाही तो काळ) किती महिने, सोडताना नोटीस किती, हे सही करण्याआधी वाचायचं. काही जण ‘वर्षाला चारच टक्के’ सांगतात. ती तरतूद कायद्यात आहे, पण पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यावर राहणाऱ्या) आणि तसल्या जुन्या भाडेकरूंसाठी, लायसन्सवाल्यांसाठी नाही. 24 तासांची सूचना, 60 दिवसांत निकाल हे त्याच मसुद्यातलं, इथे गैरलागू. 24 तासांचं करारात घालून घ्या, मालक सहसा हो म्हणतात.

‘कुठेही सुरक्षित’ या दोन शब्दांवर मी एरवी थांबलो नसतो. पण बजेट कमी पडलं की शोध कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे: दिवा, नालासोपारा, विरार, कल्याणचा आतला भाग. तिथे भाडं कमी का, याचं उत्तर बऱ्याचदा इमारतीच्या कागदांत असतं. नालासोपारा पूर्वेच्या 41 अनधिकृत इमारती 2025 च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी खोट्या कागदांवर रेरा नंबर (बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) मिळवले होते आणि नोव्हेंबर 2024 मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून 17 माणसं गेली, तीही इमारत अनधिकृतच. त्यामुळे रेरा नंबर आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. महापालिका अनधिकृत आणि धोकादायक इमारतींच्या याद्या काढते, त्यात नाव बघायचं. मालकाकडे इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल आणि लाइट बिल मागायचं, आणि तिन्हींवरचं नाव करारातल्या नावाशी जुळतंय का ते पाहायचं. नसेल जुळत तर विचारायचं, लाजायचं नाही.

बदलापूरला परवा पाहिलेल्या घराचं लाइट बिल मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे आणि दोन भाऊ वारस आहेत. दुसऱ्या भावाची संमती लेखी आल्याशिवाय टोकनचा एक रुपया द्यायचा नाही, असं भाचीला सांगितलंय.