मरायचं तर 31 मार्चलाच मरा!

पहिला सल्ला. मरायचंच असेल तर 31 मार्चला, रात्री बाराच्या आत मरा. मधेच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर वर्षाचे दोन तुकडे पडतात. 1 एप्रिलपासून जायच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं इन्कम टॅक्स रिटर्न तुमच्याच पॅनवर वारसाने भरायचं आणि त्याच्या पुढचं व्याज, भाडं वारसांच्या डोक्यावर. मृत्युपत्र करून ते अमलात आणणारा एक्झिक्युटर नेमून ठेवलात? वा, शहाणे आहात! मग वाटण्या होईपर्यंत इस्टेटचं वेगळं पॅन काढा आणि तिचं रिटर्न, आयटीआर-5 नावाच्या फॉर्मात, वेगळं भरा. माणूस गेला एक, रिटर्नं तीन.

वारसा कर 1985 सालीच गेला, आता काही भरायचं नसतं, असं सांगणारा एक काका दहाव्याला हमखास भेटतो. गेला तो वारसा कर, इन्कम टॅक्स नाही. पण त्याला चहा पाजा, अजून काय.

मोबाईल चालू ठेवा. आमच्या आप्पांचं वर्षश्राद्ध झालं तरी त्यांच्या नंबरवर 'प्रिय करदाते, आपण अजून रिटर्न भरलेलं नाही' येतंच आहे. आप्पा तिकडून काय उत्तर देणार भो?

शेती आहे म्हणून निवांत राहू नका. केळीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही हे खरं, पण पाच हजाराच्या वर गेलं की साधं आयटीआर-1 चालत नाही.

आणि जन्माला येतानाच नाव ठरवून या, एकच. आपल्याकडे चोपडा-यावलकडे माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या नावाची कोणाला पडलेली नसते, सातबाऱ्यावर नावापुढे 'आप्पा' चिकटलेलं, बँकेत आडनाव आधी, पॅनवर साधं नाव, आणि मृत्यूच्या दाखल्यावर गावाने मान म्हणून 'राव' लावून दिलेला. हे सगळं घेऊन इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंद करायला गेलो, पॅन, दाखला, वारसाचा पुरावा, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला इंडेम्निटी बाँड (उद्या काही निघालं तर भरून देऊ, अशी हमी), सगळं चढवलं, तर रिक्वेस्ट रिजेक्ट. कारण काय, तर नाव जुळत नाही. मग दोन्ही नावं एकाच माणसाची असं अ‍ॅफिडेव्हिट करा, ते करायला सेतूत जा, तिथं सर्व्हर डाऊन, मे महिन्याचं जळगावचं ऊन, बाहेर रांगेत म्हातारे-कोतारे पत्र्याखाली बसलेले. सगळं करून परत चढवलं तर परत रिजेक्ट, स्कॅन स्पष्ट नाही म्हणे. आता ग्रामपंचायतीचा शिक्काच पुसट, तो मी कसा स्पष्ट करू? आप्पांना परत बोलावू का सही करायला?

बँकेत गेलात तर शांत राहा. आप्पा गेल्याचं लेखी दिलं, पोच घेतली, तरी त्यांच्या एफडीच्या व्याजावर टीडीएस त्यांच्याच पॅनवर कापला गेला, म्हणजे गेल्यानंतरचं व्याज आमच्या मायचं आणि कापलेला टॅक्स आप्पांच्या 26एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या सरकारी तक्त्यात. डिक्लेरेशन दिलं तर बँकेने तो टॅक्स वारसाच्या पॅनवर दाखवायचा, असा नियम आहे, जुन्या नियमावलीत 37बीए. काऊंटरवर हे सांगितलं तर साहेब म्हणाले, "सिस्टीममध्ये ऑप्शन नाही." नियमात आहे, सिस्टीममध्ये नाही. मग नियम काय फ्रेम करून भिंतीला लावायचा का?

गावच्या देवस्थानात ट्रस्टी व्हायची हौस असेल तर जरूर व्हा. आयटीआर-7, त्याच्या महिनाभर आधी ऑडिटचा रिपोर्ट, आणि जुना ट्रस्टी वारला की धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात बदल अर्ज. तो मंजूर होईपर्यंत कागदावर तोच ट्रस्टी, आणि देवाला काही विचारता येत नाही.

कलमं पाठ करू नका. 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं वारसाचं 159 आणि एक्झिक्युटरचं 168 जरा कुठं डोक्यात बसलं होतं, तर 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आणि आकडे सगळे नवे.

बस झाली गंमत. आता इन्कम टॅक्सवाल्यांनो, ऐका. आधार आणि पॅन जोडा म्हणून आमच्या मागे लागलात, उशीर झाला तर हजार रुपये घेतलेत. घरातल्या म्हाताऱ्यांचेही घेतलेत. मग ते जोडलेलं गेलं कुठं? मृत्यूची नोंद सरकारकडेच होते ना? पॅन सरकारचं, आधार सरकारचं, दाखला सरकारचा, आणि माणूस मेला हे सरकारला पटवून द्यायचं आम्ही, स्वतःच्या पैशाने स्टॅम्प घेऊन! ज्या बाईने आयुष्यात कधी बँकेत पाऊल टाकलं नाही तिच्याकडून चार पानांच्या इंग्रजी बाँडवर सह्या घेता. तिला कोणी वाचून दाखवलं का त्यात काय लिहिलंय? उद्या काही निघालं तर ती जबाबदार, असं लिहिलंय त्यात! लाज वाटत नाही? आणि आमच्याकडून भरायला उशीर झाला की महिन्याला एक टक्का व्याज, तुमच्याकडे आमचा रिफंड अडकला की अर्धा टक्का. बरं, अर्धा तर अर्धा. पण द्या तरी! आप्पांचा रिफंड अजून आलेला नाही.