हात न लावता पैसे कसे घालवावेत

सिनेमाला निघताना पाकीट घरी विसरा. मुद्दाम विसरा. फ्रिजवर ठेवलंत तर उत्तम, म्हणजे थेटरात रांगेत उभं असताना ते नेमकं कुठे राहिलंय हे डोळ्यांसमोर येत राहील. आता जमाना मोबाइल टेकवण्याचा आहे. तिकीट मोबाइलवर, पैसे मोबाइलवर, पॉपकॉर्न तेवढे अजून खरे मिळतात. अशा काळात खिशात नोटा घेऊन फिरणं नाशिककराला शोभत नाही. नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस आहे, १९२८ पासून तिथे नोटा छापतात, अख्ख्या देशात नोटा छापणारे कारखाने चार आणि त्यातला एक आपला, हे सगळं खरं. पण हलवाई कधी स्वतःच्या दुकानातले पेढे खाताना दिसतो का?

तिकीट अर्थातच घरबसल्या काढा. पूर्वी खिडकीच्या भोकातून हात आत घालायचा, ‘दोन बाल्कनी’ म्हणायचं, आतला माणूस मान वर न करता दोन कागद फाडून द्यायचा. त्याचे तो वेगळे पैसे मागत नसे, बिचाऱ्याला धंदा कळत नव्हता. आता खुर्ची तुम्ही शोधायची, नंबर तुम्ही टाकायचा, ओटीपीची वाट तुम्ही बघायची आणि एवढी सगळी हमाली स्वतः केल्याबद्दल सुविधा शुल्कही तुम्हीच भरायचं. वर त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. आपल्या त्र्यंबकला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये या देशाला पहिला मोठा चित्रपट दाखवला, तेव्हा जाहिरात केली होती ती अशी की दोन मैल लांबीचा खेळ, ५७ हजार छायाचित्रं आणि दर फक्त तीन आणे. सुविधा शुल्क धरून की सोडून, ते काही त्यात लिहिलेलं नव्हतं. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मला तिथून जाताना उगाच थोडी लाज वाटते.

मोबाइलची बॅटरी घरून निघताना पाच-सात टक्क्यांवर आणून ठेवा. पूर्ण चार्ज केलेल्या मोबाइलने पैसे देण्यात काय थरार आहे?

आता मुख्य विधी. पैसे देणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला टेकवणाऱ्यांचा. मोबाइलमध्ये कार्ड भरून ठेवायचं आणि वेळ आली की मशीनला टेकवायचं. या दोघांची गाठ जेमतेम चार सेंटीमीटर अंतरातून पडते, त्यात तुमच्या मोबाइलला जाडजूड कव्हर, मागे लोखंडी रिंग, रिंगच्या आत आधार कार्डाची घडी. त्यामुळे माणूस मोबाइल मशीनवरून इस्त्रीसारखा फिरवत राहतो. वरून, खालून, कडेने. काउंटरवरची मुलगी ‘सर, थोडं डावीकडे’ म्हणते, मागची रांग ‘उजवीकडे’ म्हणते, शेवटी ती तुमचा हात मनगटाला धरून जागेवर नेऊन ठेवते. यालाच स्पर्शविरहित व्यवहार म्हणतात. पाच हजारांपर्यंत कार्ड टेकवलं तर पिन विचारत नाहीत. १ जानेवारी २०२१ च्या आधी ही मर्यादा दोन हजार होती. रिझर्व्ह बँकेतलं कुणीतरी सहकुटुंब सिनेमाला जाऊन आलं असावं, असा माझा आपला अंदाज.

दुसरा पंथ स्कॅन करणाऱ्यांचा, आणि संख्येने हाच मोठा. २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हापासून आपण सगळे काउंटरवरच्या त्या चौकोनासमोर कमरेत वाकतो, गंगेवर हात जोडतो तसे. चौकोनावर नेमका वरचा दिवा चमकत असतो. मग हाताचा आडोसा करा. नाव वाचून दाखवा. ‘बरोबर आहे ना?’ विचारा. रक्कम टाका, खोडा, पुन्हा टाका. पिन टाकताना मोबाइल छातीशी घट्ट धरा आणि मागच्या गृहस्थाकडे असं बघा की तो आत्ताच सेंट्रल जेलमधून सुटून आलाय. हजार रुपयांपर्यंत पिन न टाकता पैसे देता येतात, त्याला यूपीआय लाइट म्हणतात. ते चुकूनही चालू करू नका. दोन सेकंदांत पैसे गेले तर दहा मिनिटांच्या इंटरव्हलमध्ये करायचं काय?

खरी रंगत मात्र पैसे अडकण्यात आहे. माझे एकदा समोशांचे पैसे असेच अडकले. माझ्या खात्यातून गेले होते, थेटरवाल्याकडे पोचले नव्हते. मधे कुठेतरी, बहुधा घोटी टोलनाक्याजवळ, थांबले असावेत. मी त्याला मेसेज दाखवला. त्याने मला त्याचा डबा दाखवला, जो ‘अमुक रुपये मिळाले’ असं बोलतो आणि त्या दिवशी बोलत नव्हता. आम्ही दोघं त्या डब्याकडे असे बघत उभे होतो की घरातलं लहान मूल पहिला शब्द कधी बोलतंय. आतून गाण्याचा आवाज यायला लागला, समोसे काचेआड गार होत गेले, डबा मुका तो मुकाच. अशा वेळी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम मोठ्याने सांगावा: दुकानदाराला न मिळालेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत, नाहीतर पुढे रोजचे १०० रुपये भरपाई. ऐकायला फार बरं वाटतं. समोसा मिळत नाही.

पाण्याचा विषय आला की जपा. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाहेरचे पदार्थ आणू न देण्याचा थेटरवाल्यांना हक्क आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी त्यांनी फुकट ठेवायचं. ते पाणी पिऊ नका. फुकट गोष्टीला मोबाइल कसा टेकवणार? बाटलीच घ्या. आईच्या पर्समध्ये चिवड्याची पुडी असेल तर दारावरच्या माणसासमोर पर्स उघडताना चेहरा निर्विकार ठेवा, एवढंच सांगतो. तिला हे शिकवायची गरज नसते.

आणि भाव बघू नका. पाचशेची नोट हातातून सोडताना बोटं क्षणभर आखडतात, ‘एवढे?’ असं तोंडातून निघतं, माणूस मोठ्या टबाऐवजी छोटा घेतो. टेकवताना फक्त टुक् असा आवाज येतो. टुक् ला कुणी घासाघीस केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

एक गोष्ट मात्र टाळा, माझ्या मामांना बरोबर नेऊ नका. मामा बत्तीस वर्षं प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेसमध्ये’ म्हटलं की पुढे विचारावं लागत नाही. दिवाळीत त्यांना घेऊन गेलो आणि इंटरव्हलला काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “सर्व्हर डाऊन आहे. कॅश आहे का कुणाकडे?” रांगेत तीस-चाळीस माणसं, सगळ्यांचे हात मोबाइलसकट वर, पण नोट एकाकडेही नाही. मामांनी शर्टाच्या आत हात घातला, बंडीच्या खिशातून पाचशेची घडी काढली.

पोराने नोट दिव्यासमोर धरली. बराच वेळ धरली. कुठे काय बघायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण बघायचं असतं एवढं ऐकून होता.

“तिरपी कर, बाळा,” मामा म्हणाले. “तार हिरवी दिसतेय ना? तिरपी केलीस की निळी होते.”

झाली. पोरगा हसला.

“आता कडेला अंगठा फिरव. रेघा लागतात?”

“हो काका.”

“मोज. पाच. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहेत त्या.”

पोराने मोजल्या. अंगठ्याचं लोणी नोटेला लागलं. मामांनी नोट परत घेतली, रुमालाने पुसली आणि पुन्हा त्याच्या हातात दिली. मग गल्ल्याची किल्ली सापडेना. ती मॅनेजरकडे निघाली. दोनशे ऐंशीचं बिल, सुटे घेऊन आम्ही आत शिरलो तेव्हा पडद्यावर रात्रीचा सीन चालू होता आणि हॉलमध्ये काळाकुट्ट अंधार. मामा खुर्चीत टेकले आणि मांडीवर सुटे पैसे चाचपू लागले.

“शंभरची एकच दिलीय त्याने,” ते माझ्या कानाशी कुजबुजले. “चार रेघा आहेत हिला. दुसरीला रेघाच नाहीत, पन्नासची असणार. बॅटरी लाव बरं जरा.”

मी मोबाइल काढला. दोन टक्के होते. तेवढ्यात तेही गेले.