काटा शून्यावर

हवा ही फुकटात मिळणारी वस्तू आहे, असं मी वयाच्या 52 व्या वर्षापर्यंत मानत आलो. गेल्या दिवाळीत पुतण्या नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना आपली सायकल आमच्या पार्किंगमध्ये लावून गेला. "काका, नुसती पडून राहील, त्यापेक्षा तुम्हीच चालवा. पोटही उतरेल," असं वर म्हणाला. सायकल देखणी, हलकी, आणि टायर माझ्या अंगठ्याएवढे जाड. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, कमाल 100 पीएसआय, म्हणजे आपल्या भाषेत 100 पौंड हवा. आमच्या मोटारीला 32 पौंड हवा लागते. मला वाटलं छपाईची चूक असेल.

हवा भरण्यातलं मला काही कळत नाही असं कुणी समजू नये. मी पुण्यात वाढलोय. आमच्या लहानपणी सायकलच्या दुकानाबाहेर एक उभा पंप असायचा. एकानं फळीवर पाय ठेवून दांडा मारायचा, दुसऱ्यानं नळीचं तोंड व्हॉल्व्हवर दाबून धरायचं. त्या व्हॉल्व्हच्या पोटात असायची वॉलट्यूब, म्हणजे पेराएवढी रबरी नळी. बाहेरून हवा रेटली की रबर फुगून बाजूला होणार, आणि रेटा थांबला की आतलीच हवा त्या रबराला छिद्रावर चिकटवून टाकणार. उन्हानं रबर चिकटलं तर दोघं घामाघूम व्हायचे, पण हवा आत जायची नाही. भरून झालं की शेवटची तपासणी व्हायची. बोटाला थुंकी लावून ती व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवायची. बुडबुडा आला तर वॉलट्यूब गेली, चार आणे काढा. या व्हॉल्व्हला डनलॉपचं नाव आहे. डनलॉपसाहेबांनी 1888 मध्ये बेलफास्टला पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. पेशानं ते जनावरांचे डॉक्टर. यात काहीतरी सूचक आहे असं मला पुढे फार वाटू लागलं.

पुतण्याच्या सायकलीचा व्हॉल्व्ह मात्र निराळाच निघाला. बॉलपेनच्या रिफिलीसारखा बारीक आणि लांब, टोकाला कांगणीच्या दाण्याएवढी पितळी चकती. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.

"साहेब, हा फ्रेंच वॉल. आपला पंप बसत नाय याला."

मग पेट्रोल पंपावर गेलो. तिथला पोरगा मोटारीच्या तोंडाची नळी घेऊन आला. किती पौंड, म्हणाला. मी म्हटलं 80. त्यानं आधी सायकलीकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या रिक्षेला पुढे यायला सांगितलं.

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "प्रेस्टा आहे काका तो. दोन तोंडांचा पंप घ्या, काट्याचा." मी घेतला. म्हणजे खाली घड्याळासारखी तबकडी, तिच्यात काटा, वर दांडा, आणि नळीच्या टोकाला खटक्याचं तोंड. पंपाची किंमत ऐकून बायको म्हणाली, "अहो, यात एखाद्या वर्षाची हवा भरून आली असती की."

पहिल्याच दिवशी चमत्कार झाला. दोन दणके मारले आणि काटा 100 वर! म्हटलं, याला म्हणतात पंप. खटका काढला तर फटाक्यासारखा आवाज झाला आणि टायर होता तसाच, सुकलेल्या कारल्यासारखा. पुतण्याला पुन्हा फोन. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, ती वरची चकती फिरवून सैल करायची असते. दार लावलेलं होतं, तुम्ही नुसती ओसरी भरलीत."

चकती सैल केली, टिचकी मारून पाहिली, 80 पौंड हवा भरली. आता खटका काढायचा. काढला, आणि तो आवाज आला.

फिस्स्स.

त्या आवाजानं माझी झोप उडवली. घाम गाळून भरलेली हवा डोळ्यांदेखत निघून जातेय, हे दूध उतू जाताना पाहण्यासारखं होतं. मध्यमवर्गीय माणूस आहे मी, आमच्याकडे टूथपेस्टची ट्यूब लाटण्यानं लाटतात. मी ठरवलं, खटका काढायचा वेग वाढवायचा. आवाज जितका लहान, तितकी हवा वाचली. रोज पहाटे पार्किंगमध्ये सराव सुरू झाला. उकिडवं बसायचं, श्वास रोखायचा, आणि कोब्रानं डसावं तसं पंपाचं तोंड उपसायचं. आठवड्याभरात 'फिस्स्स'चं 'फिस' झालं. दूध घ्यायला खाली आलेल्या जोशीकाकूंनी मला या अवस्थेत दोनदा पाहिलं. तिसऱ्या दिवशीपासून त्या लिफ्टनं थेट गेटपाशी निघू लागल्या.

नवव्या दिवशी मी इतक्या चपळाईनं तोंड उपसलं, की व्हॉल्व्हची ती सुईएवढी दांडी वाकली. त्यानंतर हवा खरोखरच जायला लागली.

नवी ट्यूब टाकली. त्याच आठवड्यात पिशवीत ठेवायचा एक छोटा पंप घेतला, त्याची नळी आट्यांची. फिरवून बसवायची, फिरवून काढायची. म्हटलं, सावकाश काम, दांडी वाकायची भीती नाही. पहाटे पावणेसहाला भरून झालं, नळी उलटी फिरवू लागलो. फिरवता फिरवता काहीतरी जास्तच फिरतंय असं वाटलं आणि धडाम्! नळीबरोबर व्हॉल्व्हचा गाभाच उपटून हातात आला होता. भरलेली सगळी हवा एका दमात तोंडावर आली. तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं, ते सात वाजेपर्यंत थांबलं नाही. या व्हॉल्व्हचा गाभाही आट्यांचाच असतो आणि तो बोटानं पुरेसा घट्ट केलेला नसेल तर नळीशी सोयरीक करून निघून जातो, हे ज्ञान मला असं पहाटे प्राप्त झालं.

पण कळस व्हायचा होता. मी पुन्हा काट्याच्या पंपाकडे वळलो आणि म्हटलं, रात्रीत किती हवा जाते ते तरी मोजू. संध्याकाळी 80 भरली. सकाळी पंप लावला, काटा शून्यावर. छातीत धस्स झालं. टायर दाबून पाहिला, दगड! काटा शून्य, टायर दगड. पुन्हा लावला, पुन्हा शून्य. पंप बिघडला म्हणून दुकानात नेला, तिथल्या मुलानं दुसऱ्या सायकलीला लावून दाखवला, काटा ठणठणीत. घरी आणला, शून्य. सायकलीला माझं तोंड आवडत नसावं असं बायकोचं मत पडलं. तोंड म्हणजे पंपाचं, असं ती नंतर म्हणाली.

शेवटी सायकल आणि पंप दोन्ही घेऊन चाचांसमोर उभा राहिलो आणि सगळी कर्मकहाणी सांगितली. चाचा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "हल्ली सिंहगडाला जाणारे ते घट्ट कपडेवाले येतात ना, त्यांच्यामुळे मला शिकावं लागलं. बसा."

त्यांनी माझ्याच पंपानं 80 भरली. खटका काढला. फिस्स्स. मी नेहमीप्रमाणे कळवळलो. त्यांनी बोटाला थुंकी लावून ते प्रेस्टाच्या नाजूक टोकावर टेकवलं. बुडबुडा नाही. मग पंप परत लावला. काटा शून्य. "आता बघा," म्हणाले आणि दांडा अगदी हळू, लोण्यात सुरी जावी तसा खाली दाबू लागले. काटा 20, 40, 60 असा चढत गेला, 80 पाशी थबकला आणि तिथेच बारीक थरथरला.

"गेली कुठं तुमची हवा?"

मी तोंडातून हवा काढली नाही.

चाचांनी मग उलगडून सांगितलं. फ्रेंच वॉलमध्ये स्प्रिंग नसते. आतली हवाच आतून दाराला खांदा लावून बसलेली असते. बाहेरून तिच्यापेक्षा जास्त रेटा आला तरच दार किलकिलं होतं. म्हणून नुसता पंप लावला तर काट्याला आतलं काहीच कळत नाही, तो फक्त नळीतला दाब सांगतो, आणि रिकाम्या नळीत शून्यच असणार. खटका काढताना जी फिस्स होते, तीही नळीतलीच हवा. ट्यूबमधली हवा दार लावून केव्हाच झोपलेली असते.

म्हणजे मी आठ दिवस कोब्रा होऊन जी हवा वाचवत होतो, ती माझी नव्हतीच. ती पंपाची होती. घरी येऊन मी हिशोब मांडला. नळी मीटरभर लांब, आत 5 मिलिमीटर पोकळ, म्हणजे साधारण 20 घन सेंटिमीटर. ट्यूबमध्ये मावते साडेबाराशेच्या आसपास. तेवढीशी नळी, आणि तिच्यासाठी मी एका व्हॉल्व्हचा बळी दिला.

यात जखमेवर मीठ चोळणारी गोष्ट वेगळीच होती. मुलीच्या सायकलीला मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह आहे, श्रेडर म्हणतात तो. त्यात स्प्रिंगची टाचणी असते आणि माझ्या पंपाचं तोंड ती टाचणी दाबून दार उघडंच ठेवतं. तिथे काटा लावल्याबरोबर आतला दाब दाखवतो, कारण नळी आधी ट्यूबमधली थोडी हवा ओढून आपलं पोट भरते. मोजणीची फी म्हणा. आणि तोंड काढताना टाचणी सुटेपर्यंत जी फिस्स होते, तिच्यात ट्यूबमधलीही हवा असते. तिथे चपळाईला अर्थ आहे. आणि तिथे मी लेकीची सायकल म्हणून तोंड कसं काढत होतो? प्रेमानं. हळुवार. बाळाच्या पायातला मोजा काढावा तसं.

या ज्ञानप्राप्तीनंतर मी बदललो. फिस्स ऐकून आता माझ्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. सोसायटीत कुणी सायकलला हवा भरताना दिसलं, की मी जवळ जाऊन दाराचा आणि खांद्याचा दृष्टांत सांगतो. जोशीकाकूंनाही सांगितला. त्यांच्याकडे सायकल नाही.

गेल्या रविवारी पहाटे पाषाणला जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी टेकडीच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं फेरी मारून आलो होतो. सकाळी सवयीनं पंप लावला. काटा शून्यावर. पूर्वीचा मी असतो तर घाबरलो असतो. मी मंद हसलो. बाल्कनीतून बायको म्हणाली, "अहो, शून्य दिसतंय ना?" मी खालूनच समजावलं, "अगं, ते नळीतलं शून्य. आतली हवा झोपलीय." पंप काढला, फिस्सही झाली नाही, त्याचंही मला कौतुकच वाटलं. हेल्मेट चढवलं, टांग टाकली, आणि मागच्या चाकाची रिम धप्पदिशी फरशीवर बसली.

नऊ वाजता चाचांनी दुकान उघडलं. मी ओट्यावरच बसलो होतो. त्यांनी आधी थुंकीचं बोट लावलं आणि म्हणाले, "वॉल झकास आहे तुमचा." मग टायरवरून अंगठा फिरवत फिरवत एका जागी थांबले, पकड घेतली आणि दीड इंचाचा बाभळीचा काटा उपसून माझ्यासमोर धरला.

"एवढा मोठा काटा साहेब, आणि दिसला नाय?"

"दिसला की," मी म्हणालो. "शून्यावर होता."