संगीत समितीवरचा बेसूर सभासद

चर्चच्या संगीत समितीवर माझी नेमणूक झाली ती मी बेसूर आहे म्हणून. ज्याला गाताच येत नाही तो कोणाची बाजू घेणार, असा पाळकसाहेबांचा हिशेब. तेव्हापासून उपासना संपली की दारात मला गाठायला दोन टोळ्या टपून असतात: गीतपुस्तकवाले आणि गिटारवाले.

गीतपुस्तकवाल्यांच्या मते भिंतीवर पडदा आला आणि भक्ती गेली. पुस्तकात निदान पुढची ओळ दिसायची. आता स्लाइड बदलणाऱ्या पोराला डुलकी लागली, की अख्खी मंडळी एकाच स्वल्पविरामावर ताटकळते. गिटारवाले म्हणतात, सात कडव्यांच्या गीतात चौथ्यापासून सगळे ‘आमेन’चीच वाट बघतात. दोघांचंही खरं आहे, आणि माझी पंचाईत तिथेच आहे. सात कडवी मीही सोसली आहेत. त्यातून पाळकसाहेबांना घाई असली की ते ‘पहिलं, दुसरं आणि शेवटचं’ असं जाहीर करतात. मधल्या कडव्यांनी कोणाचं काय घोडं मारलंय, देव जाणे.

नव्या पद्धतीत कडव्यांची भानगड नाही. एकच ओळ असते, ती संपत नाही. ‘आता फक्त बहिणी!’ ‘आता वाद्यांशिवाय!’ ‘आता मनापासून!’ म्हणजे आतापर्यंत कुठून चाललं होतं? हे सगळं उभ्याने, आणि टाळ्यांसकट. मंडळी दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला टाळी देते, माझे हात पहिल्या-तिसऱ्याला एकमेकांवर आपटतात. शेजारचा भाऊ डोळे मिटून स्तुती करत असतो. माझ्या टाळीसरशी त्याचा एक डोळा उघडतो.

बैठकीत मात्र सगळे ‘परंपरा’ या शब्दावर येतात, म्हणून मी जरा वाचून गेलो. तेच भोवलं. ऑर्गन म्हणजे परंपरा? झ्युरिकच्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमधला ऑर्गन धर्मसुधारकांनी 1527 साली मोडून काढला. त्यांचा पुढारी झ्विंग्ली स्वतः चांगला वादक होता, हे विशेष! बरं, जुनी गीतं? इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्स यांनी 1707 मध्ये स्वतः रचलेल्या गीतांचं पुस्तक काढलं, तेव्हा बायबलमधली स्तोत्रसंहिता सोडून माणसाने जुळवलेलं काय गायचं, असं म्हणणारे पुष्कळ होते. इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या चर्चमध्ये तर सज्जात बसून गावकरीच व्हायोलिन आणि बॅसून नावाचं फुंकवाद्य वाजवायचे. एकोणिसाव्या शतकात त्यांना खाली उतरवून तिथे ऑर्गन आणि हार्मोनियम आणले, का तर म्हणे शोभायला हवं. आणि नाताळात मेणबत्ती धरून आमचे ज्येष्ठ ज्या ‘सायलेंट नाइट’ने गहिवरतात, ते 1818 साली ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फला पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारवर.

हे मी सांगितल्यावर गिटारवाल्यांनी टाळ्या वाजवल्या (दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला). ज्येष्ठांपैकी एकाने एवढंच विचारलं, ‘त्या गिटारला अँप्लिफायर होता का?’

मला उत्तर सुचेना. खरं दुखणं तिथेच आहे. 150 व्या स्तोत्रात कर्णा, वीणा, डफ, झांजा सगळं आहे. आवाज किती ठेवायचा तेवढं मात्र स्तोत्रकर्त्याने लिहिलेलं नाही. बँड सुरू झाला की मंडळी गाते आहे की नुसते ओठ हलवते आहे, हे कळायला मार्ग नाही. व्यक्तिशः मला ते फार सोयीचं पडतं, पण समितीचा सभासद म्हणून ते बोलता येत नाही.

शेवटी तोडगा निघाला: एकच उपासना, दोन जुनी गीतं, दोन नवी. म्हणजे आता कोणालाही अर्ध्याच उपासनेबद्दल तक्रार करावी लागते. ड्रमभोवती पारदर्शक प्लॅस्टिकच्या भिंती उभारल्या. आत तो पोरगा जीव तोडून वाजवतो, बाहेर बेताचं ऐकू येतं.

समितीतल्या सर्वांत वयस्क आजी पुढच्याच बाकावर बसतात. ड्रम त्यांनाच जास्त लागायचा, म्हणून मुद्दाम त्यांचं मत विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, त्या प्लॅस्टिकच्या पेटीभोवती एक चक्कर मारली, भिंतीवर टिचकी मारून बघितली.

‘छान झालंय,’ आजी म्हणाल्या. ‘आता अशीच एक त्या ऑर्गनवाल्याला करा.’